शेवटच्या कडव्यातलं नाव

मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा आधी माझी बाजू स्पष्ट करते. मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या वाडीत कुणाला ताप आला तरी आधी नारळ ठेवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं अशी रीत. त्या नारळावरून मी शाळेत असल्यापासून भांडत आले. तुमचे इथले पिंपळ, उलटे पाय, लिफ्ट मागणाऱ्या बायका... मी चहाबरोबर वाचते आणि हसते. निम्म्या लोकांना झोपेची गरज असते, उरलेल्यांना चष्म्याची.

पण मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने एक आकडा छापला, जो छापला जाणं शक्यच नाही. तो कोड मी ओळन् ओळ तपासला, जाणकारांना दाखवला. कुणालाच चूक सापडली नाही. म्हणून लिहितेय.

आणखी एक. या गोष्टीत मी कुणी बिचारी नाही. मी सूड घ्यायला गेले होते — तीन महिने, अगदी आखून-रेखून. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मी रत्नागिरीची. शहरातली नाही, मालगुंडच्या अलीकडे एक वाडी आहे तिथली. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. घरी मी आणि आई, दोघीच. बाबा १९९८ साली गेले. शाळेत शिपाई होते, पण पंचक्रोशीत त्यांना शिपाई म्हणून कुणी ओळखत नसे. ते शाहीर धोंडू होते. जाखडीचे शाहीर.

देशावरच्या वाचकांसाठी सांगते. जाखडी म्हणजे आमचा कोकणातला नाच. मधे गाणारा आणि ढोलकीवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरतात. त्यात दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एकाने पदातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने पदातूनच जवाब द्यायचा. टोमणे, चिमटे, उणंदुणं सगळं चालतं. चालत नाही ती एकच गोष्ट... दुसऱ्याचं पद आपलं म्हणून गाणं. कारण प्रत्येक पदाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं. नाव घातल्याशिवाय पद पुरं होत नाही आणि दुसऱ्याचं नाव काढणाऱ्याला कोणी माणसात धरत नाही.

बाबांची एक गवळण फार गाजली होती.

*डोईवर माठ, पायी खाडीची वाट,*
*भरतीआधी सोड कान्हा, पाणी चढे काठोकाठ...*

आणि शेवटी —

*म्हणे धोंडू, लागली ओहट, सोड आता माझी वाट.*

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मी गाडीची वाट बघत उभी होते आणि समोरच्या कॅसेटच्या दुकानात ही गवळण लागली. आवाज बाबांचा नव्हता, पण पद तेच, चाल तीच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेवटच्या कडव्याला मी मनातल्या मनात बाबांचं नाव घ्यायला तयार झाले. आणि स्पीकरमधून आलं, "म्हणे अण्णा, लागली ओहट..."

माझी एसटी आली, गेली. मी तिथेच.

अण्णा म्हणजे शहरातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओचा मालक. भजनं, नमन, जाखडी, सगळ्याच्या कॅसेट काढायचा. बाबांनी शेवटच्या वर्षी त्याच्याकडे ही गवळण रेकॉर्ड केली होती, "पुढच्या सीझनला काढू" म्हणाला होता. बाबा गेल्यावर ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं, विलास नावाच्या गायकाकडून पद पुन्हा गाऊन घेतलं आणि नाव बदललं. तीन अक्षरी नाव असतं तर चालीत बसलं नसतं. पण धोंडू काय, अण्णा काय... दोन-दोन अक्षरं. नशीबही चोराच्याच बाजूचं.

मी त्याला जाब विचारायला गेले नाही. जाब विचारून काय मिळतं? "अगो, लोकगीत ते, कुणाचंही असतं," असं म्हणून चहा पाजला असता. मला त्याची माफी नको होती. त्याने ज्या लोकांसमोर माझ्या बापाचं नाव पुसलं, त्याच लोकांसमोर त्याचं तोंड काळं झालेलं मला बघायचं होतं. हा राग मी चार वर्षं आतल्या आत तापत ठेवला.

२००४ च्या पावसाळ्यात तो स्वतःच्या पायांनी माझ्या क्लासमध्ये आला.

"तू धोंडूची पोर ना गो?" म्हणाला. "हुशार निघालीस हो! तुझा बापूस भला माणूस, देवमाणूस."

"हो अण्णा," मी म्हटलं. माझ्या आवाजात इतका मध होता की मलाच किळस आली.

त्याला हवं होतं ते असं. गणपतीनंतर शक्ती-तुऱ्याचा मोठा सामना ठेवायचा होता, हॉलमध्ये, तिकीट लावून. गायकाच्या कानाला हेडफोन, आवाजाला घुमारा, आणि कार्यक्रम संपताच दारात सीडी तयार. मुंबईसारखं. स्टुडिओत एक विंडोजचा कॉम्प्युटर होता आणि एक जुना, ज्याच्यावर कुणीतरी लिनक्स टाकून दिलं होतं. दोन्हींवर चालेल असा प्रोग्रॅम पाहिजे, एक बंद पडला तर दुसरा.

"तुमच्यासाठी नाही करणार तर कुणासाठी?" मी म्हटलं.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चालू आवाजावर काम करणारा प्रोग्रॅम लिहायचा तर साउंड कार्डशी थेट बोलावं लागतं, आणि विंडोजची बोली वेगळी, लिनक्सची वेगळी. यासाठी इंटरनेटवर एक फुकट लायब्ररी मिळायची, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. आपण तिच्याशी एकाच भाषेत बोलायचं, दोन्हीकडची दुभाषी ती. सायबर कॅफेत बसून तिचा सोर्स कोड फ्लॉपीवर उतरवून आणला. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिलं होतं — हा कोड वापरा, बदला, वाटा, पण मूळ लिहिणाऱ्याचं नाव काढू नका. ते वाचून मी घरात एकटीच मोठ्याने हसले. सातासमुद्रापारच्या कुणा माणसाला जाखडीचा नियम ठाऊक होता आणि अण्णाला नव्हता.

घरच्या सेकंडहँड पीसीवर, लिनक्सवर, ती बांधायला, म्हणजे त्या कोडपासून चालती लायब्ररी बनवायला, मला आठवडा लागला. आधी कॉन्फिगर, म्हणजे लागणारं सामान आहे का बघणारी पायरी, रडलं, साउंड ड्रायव्हरच्या फाइली नाहीत म्हणून. त्या एका मासिकाच्या सीडीवर सापडल्या. मग मेक केलं, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी सुरू केली, तर मधेच लाइट गेली. पुन्हा मेक. मेक इन्स्टॉल झालं, माझा प्रोग्रॅम चालवला, तर म्हणतो लायब्ररीच सापडत नाही! नवीन लायब्ररी कुठे बसवली ते सिस्टिमला वेगळं सांगावं लागतं, ती एक कमांड मी विसरले होते. पाहुणा माजघरात येऊन बसलेला आणि घरच्यांना पत्ता नाही, अशातली गत. ती कमांड दिली आणि स्पीकरमधून "टूंऽऽ" असा सरळ सूर आला, पाच सेकंद. चाचणीचा सूर. मला वाटलं, अण्णा, तुझी घंटा वाजली.

दुसरी चाचणी माइकची. माइकमधून आवाज आत, स्पीकरमधून बाहेर. मधे काही मिलीसेकंद जातातच. आत कधी आला, बाहेर कधी पडला, दोन्हींची एकाच घड्याळावर नोंद करून तो फरक माझा प्रोग्रॅम लॉग फाइलमध्ये लिहायचा. फरक जितका कमी तितकं गायकाला बरं.

सकाळी दहाचा सुमार. आई मागच्या पडवीत तांदूळ कांडत होती. मी माइक चालू केला. स्पीकरमधून मुसळाचा "धप" आला. आणि मग पडवीतून "धप" आला.

क्रम बघा. आधी स्पीकर, मग पडवी.

मी पुन्हा ऐकलं. धप... धप. धप... धप. लॉग उघडला तर फरक उणे चाळीस. म्हणजे आवाज आत यायच्या आधीच बाहेर पडला. माझी पहिली प्रतिक्रिया काय असणार? शिवी. वजाबाकीत दोन आकडे उलटे टाकले असणार. कोड बघितला, उलटे नव्हते. तेवढ्यात आईचं कांडणं संपलं, मी माइकसमोर टिचकी वाजवली, फरक अधिक तीस आला. जसा यायला हवा तसा. मी तो विषय सोडून दिला. सूड घ्यायच्या घाईत असलेल्या माणसाला एवढ्यातेवढ्याने थांबायला सवड नसते.

आता माझा बेत. बाबांच्या आवाजातली ती गवळण घरी एका कॅसेटवर होती, गावच्या कार्यक्रमात कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरून दिलेली. अण्णाने त्याच्याकडची पुसल्यावर जगात ही एकच उरली होती. त्यातली शेवटची ओळ मी कॉम्प्युटरवर उतरवली. "म्हणे धोंडू, लागली ओहट, सोड आता माझी वाट." बाबांचा खणखणीत आवाज. ही फाइल प्रोग्रॅममध्ये लपवली आणि एका बटणाला जोडली. सामन्याच्या दिवशी विलास शेवटच्या कडव्याला आला की मी एफ-नाइन दाबायचं. विलासचा माइक बंद, आणि हॉलच्या सगळ्या स्पीकरमधून माझा बाप स्वतःचं नाव स्वतः सांगेल. मेलेल्या माणसासमोर अण्णा काय लोकगीत-बिकगीत बोलतो ते बघू म्हटलं!

ती ओळ मी किती वेळा ऐकली असेल त्याची गणती नाही. चाचणी म्हणून ऐकली, पोटातला राग थंड पडू नये म्हणून ऐकली आणि खरं सांगायचं तर बाबांची आठवण यायची म्हणूनही ऐकली.

स्टुडिओतल्या विंडोजवर तोच कोड कंपाईल केला, लायब्ररीची फाइल प्रोग्रॅमशेजारी ठेवली. पहिल्या फटक्यात चालला. अण्णाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बापसाचं नाव काढलंस हो!" म्हणाला.

त्याच्या तोंडी हे वाक्य! मी हसून मान डोलावली. बरं झालं, टेबलावर जड काही नव्हतं.

सामना रविवारी दुपारी होता. जाखडी खरं तर रात्रभर चालते, पण हॉल दुपारचाच मिळाला होता. हॉल खच्चून भरलेला, वाड्यावाड्यांतून ट्रक भरून आलेली माणसं. रंगमंचाच्या उजव्या हाताला माझं टेबल. विलास हेडफोन घालून मधे बसला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, इमान उडवताय काय?" सगळा हॉल हसला.

गवळणीआधी अण्णा स्वतः माइकवर आला. शालबिल घेऊन. "रसिकहो, आता जी गवळण ऐकाल ती या गरिबाची रचना आहे. देवाने सुचवली, मी लिहिली." मी एफ-नाइनवर बोट ठेवलं.

विलास गायला लागला. गातो चांगला, त्याच्याशी माझं वैर नव्हतं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, ढोलकी चढत गेली. शेवटचं कडवं आलं. मी ठरवलं होतं की त्याने "म्हणे" म्हटलं की दाबायचं.

"म्हणे" म्हणायच्या आधी विलासने एकदम मान वळवली, मागे कोणी उभं आहे का बघितल्यासारखी. हेडफोनवर हात दाबला. आणि गायला,

"म्हणे तानू, लागली ओहट, सोड आता माझी वाट..."

माझं बोट जागच्या जागी राहिलं. मी बटण दाबलंच नव्हतं. दाबलं असतं तरी तिथून बाबांचा आवाज यायचा होता, आणि नाव धोंडू यायचं होतं. तानू कोण?

हॉलमध्ये आधी कुजबुज, मग गलका. जाखडी ऐकणारी माणसं नाव कधी चुकवत नाहीत. ज्यांच्याकडे अण्णाची कॅसेट होती ते ओरडले, "अण्णा, तुमचा नाव कुठं ग्येला?" समोरच्या तुरेवाल्या पक्षाचे म्होरके बुवा उठले, सत्तरीचे, मिशीला पीळ. ते माइकवर नुसते उभे राहिले आणि हॉल शांत झाला.

"एका गवळणीला बाप किती, अण्णा?" त्यांनी अण्णाला विचारलं. "कॅशेटीत अण्णा, आज तानू. आनि आमी आदी ऐकलेली तवा हितं धोंडू व्हता. ज्याचा त्याला द्या, मंग आमी जवाब देताव. चोरीच्या पदाला जवाब नसतो!"

अण्णा विलासवर खेकसला, "कुणाचं नाव घेतलंस रे?" पण समोरचा माइक चालू होता, ते सगळ्या हॉलने ऐकलं. विलास बिचारा म्हणतोय, "कानात आला ता बोललो." अण्णाला घाम फुटला. लोकांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली, कौतुकाच्या नव्हेत, हाकलून द्यायच्या. तुरेवाले चाळ सोडून खाली उतरले. सामना तिथेच मोडला. तो माणूस शाल सावरत मागच्या दाराने गेला. त्या दिवसानंतर त्याच्याकडे एकाही शाहिराने पाऊल टाकलं नाही. स्टुडिओ बंद झाला.

मला आनंद झाला का? झाला, आणि भरपूर झाला. पण घास तोंडाशी यावा आणि दुसऱ्यानेच गिळावा, तसंही वाटत होतं. बाबांचं नाव बुवांच्या तोंडून एकदा आलं खरं, पण पदात तानू आला होता. हा कोण उपटसुंभ?

विलासला गाठून विचारलं. तो अजून गोंधळलेला होता. "ताई, आईशपथ, कानात बाई गात होती. मी गायच्या आधी तीच ओळ. मला वाटलं तुम्हीच लावलीय, तसंच गा म्हणून."

"बाई? पुरुष नाही?"

"बाईच. दमलेला आवाज होता, काम करता करता गातात तसा."

लॉग उघडला. पूर्ण कार्यक्रमभर फरक अधिक तीसच्या आसपास. फक्त त्या एका ओळीला उणे दोन हजार. दोन सेकंद. एफ-नाइन दाबल्याची नोंद नाही. हेडफोनला गेलेल्या आवाजाचं वेगळं रेकॉर्डिंगही प्रोग्रॅम ठेवायचा. त्यात ती ओळ आहे, पण विलासच्याच आवाजात... त्याने ती गायच्या दोन सेकंद आधी. बाईबिई कुणी नाही.

संध्याकाळच्या गाडीने घरी आले. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती.

"काय झाला गो? तोंड असा का?"

"अण्णाचं नाक कापलं गेलं आज. भर हॉलात." मी तिला सगळं सांगितलं.

"आनि नाव कुनाचा आला? बापसाचा?"

"नाही ना! तानू म्हणून कुणाचं तरी. आई, तानू नावाचा कोणी शाहीर होता का गं, बाबांच्या ओळखीत?"

आईने सूप खाली ठेवलं. आणि हसली. मी तिला असं हसताना जन्मात पाहिलं नव्हतं, मोकळं, जरासं निर्लज्ज.

"शायीर नव्हता. बाय व्हती."

"कोण?"

"ही काय, तुज्यासमोर बसलीय."

माझ्या आईचं नाव सुनंदा. रेशन कार्डावर सुनंदा, मतदार यादीत सुनंदा, बाबा "अगो" म्हणायचे आणि वाडी माझ्या नावावरून "शैलाची आवस", म्हणजे शैलाची आई, म्हणायची. तिचं माहेर पार वेळणेश्वरच्या बाजूला, आईबाप लवकर गेलेले, जाणं-येणं तुटलेलं. तिचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तानू म्हणजे पुरुषच, हे मी गृहीत धरलं आणि शाहीर म्हणजे पुरुषच, हेही.

"लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ वतलेले," ती म्हणाली. "तुज्या बापसानं अंगठीनं नाव लिवलान, सुनंदा. मंग ताट हालवून सारखा केलान. तानू तितंच सपली."

"आणि गवळण?"

"मना लिवता येताय काय? चुलीपाशी मी बोलायची, तो वहीत उतरवायचा. शेवटाला मी 'म्हणे' बोलून गप ऱ्हायची. बायको घोवाचा नाव कसा घेनार? मंग तो आपला घालायचा."

बाबा चुलीपाशी वही घेऊन बसलेले मला आठवत होते. मला वाटायचं, त्यांना ऊब आवडते.

"सगळी पदं?"

"सगळी नाय. चांगली व्हती ती."

मी विचारलं, "आणि एकटी असायचीस तेव्हा?"

"तवा माजा नाव घालायची. कांडताना. कोन ऐकताय?"

"आज दुपारी गात होतीस?"

"रोजच गातंय. येळ कोन बघताय?"

मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो राग कुठे न्यावा ते कळेना. चार वर्षं ज्याच्यासाठी पेटले होते तोच... बाबांची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं, पण घ्यायला बाजूच सापडली नाही. म्हणून मग तिच्यावरच भडकले. "मला आधी का नाही सांगितलंस? मी तीन महिने मरत होते!"

"बापसाच्या नावासाठी मरत व्हतीस. एकदा तरी इचारलंस, आवशे, हा पद कुनाचा? मी हितंच व्हते. चुलीपाशी."

मी म्हटलं, "पण अण्णाला अद्दल घडली ना."

"अण्णा परका मानूस," ती सूप उचलत म्हणाली. "चोर तो चोर. त्याचा काय राग धरायचा? घरच्या मानसानं घेतलान त्याचा धरायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाबांचा आवाज ऐकावासा वाटला. भांडायला म्हणा हवं तर. प्रोग्रॅममधली ती फाइल लावली.

"म्हणे..." आणि पुढे शांत. मग "लागली ओहट, सोड आता माझी वाट."

नाव नव्हतं. मला वाटलं फाइल खराब झाली. आवाजाचा आलेख उघडून बघितला. कापलं असतं तर टेपची खरखरही तिथे तुटली असती. खरखर सलग आहे, मागे ढोलकी चालू आहे, टाळ चालू आहेत. बाबा तेवढे दोन अक्षरांपुरते गप्प आहेत. मूळ कॅसेट काढली. तीच गोष्ट. मी शेकडो वेळा ऐकलेलं, बटणाला जोडलेलं नाव त्या टेपवर नाही. पदातलं बाकी सगळं आहे.

कुणी म्हणेल टेप झिजली, हेड घाण होतं. असेल. पण घाण हेड बरोबर एकाच माणसाचं नाव पुसतं, हे मला पटवून द्या. उणे दोन हजारचंही. ती लायब्ररी मी नंतर तीन वेगवेगळ्या मशिनवर बांधली, नवीन आवृत्त्या आल्या त्याही बांधल्या, आईच्या पडवीत माइक ठेवून कांडण रेकॉर्ड केलं. फरक नेहमी अधिक. माझ्याकडे खुलासा नाही, आणि ज्यांना दाखवलं त्यांच्याकडेही नाही.

आईला मी कितीदा म्हटलं, तू गा, मी रेकॉर्ड करते, तुझ्या नावाने सीडी काढू. ती माइककडे बघते आणि म्हणते, "आता कशाला? तवा कुनी इचारला नाय." आजवर एक ओळही तिने मला दिलेली नाही. माइक बंद असला की मात्र गाते.

बाबांच्या श्राद्धाला ती त्यांच्या आवडीचं सगळं रांधते, पान वाढते, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहते. त्या दिवशी मी हळूच ती कॅसेट लावून बघते. मला उगाच वाटतं, तिचा राग गेला की नाव परत येईल.

अजून आलेलं नाही.